अब्बांचे पॉइंट

कौसरने मोबाइल खिडकीच्या उजेडाला धरला आणि आकडा पुन्हा वाचला. चार हजार सहाशे पॉइंट. महिनाअखेरीपर्यंत वापरले नाहीत तर बुडणार होते.

एरवी ती या आकड्याची वर्षभर वाट बघायची. घरातलं क्रेडिट कार्ड नवऱ्याच्या, नवाजच्या नावाचं, पण कारभार तिचा. किराणा, लाइटबिल आणि नवाजच्या टुरिस्ट गाडीचं पेट्रोल, एवढंच कार्डावर. तारखेच्या दोन दिवस आधी सगळं बिल भरून मोकळं व्हायचं. पॉइंटांवर बँकवाले डिनर सेट, ट्रॉली बॅग असलं काय काय दाखवायचे. ती त्या पानावर थांबायचीसुद्धा नाही. रमजानच्या आधी किराण्याचं तीन-साडेतीनशेचं व्हाउचर घ्यायचं आणि तेवढा खजूर, तेवढ्या शेवया घरात आणायच्या.

या वेळी व्हाउचर साडेअकराशेचं बसत होतं.

"काय बघतीस मगापासनं?" पलंगावरून सासूने, चाँदबीने विचारलं.

"पॉइंट आलेत, अम्मी."

"कसले? टायगर पॉइंटचे?" पॉइंट म्हटलं की मुलगा गाडीत पाहुणे भरून दाखवायला नेतो ते डोंगरावरचे कडे, तेवढंच तिला ठाऊक.

"कार्डाने पैसे दिले की बँक देते. त्यावर किराणा येतो. या वेळी जास्त आलेत."

"जास्त कशानं?"

कौसरला खोटं बोलता आलं नाही. "अब्बांच्या हॉस्पिटलच्या बिलाचे."

चाँदबी भिंतीकडे बघत राहिली. नवरा गेल्यावर घरातच काढायची तिची इद्दत संपायला अजून महिना होता.

अब्बा, म्हणजे कौसरचे सासरे नूरमहंमद, अकरा दिवस तळेगावकडच्या एका खासगी हॉस्पिटलात होते. बाराव्या दिवशी काउंटरवर कार्ड चाललं नाही; लिमिट संपलं होतं. उसने मागायची दारं आधीच वाजवून झाली होती. नवाजने त्यांना पुण्याला सरकारी दवाखान्यात हलवायचं ठरवलं, आणि सोमाटण्याच्या चौकात, अँब्युलन्समध्येच सगळं संपलं. कार्डाचं बिल मात्र तारखेला भरलं गेलं. त्यात कौसरच्या बांगड्या गेल्या. व्याज तिने चढू दिलं नाही.

"आण किराणा," चाँदबी शेवटी म्हणाली. "जन्मभर त्यांनीच आणला. ह्या महिन्याचा बी त्यांचाच समजू."

संध्याकाळी नवाज आला तेव्हा ओट्यापाशी तांदळाची दहा किलोची पिशवी, तेल आणि डाळ होती. त्याने विचारलं आणि कौसरला सांगावं लागलं. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला.

"त्यातलं मला वाढू नकोस."

कौसरने गॅस बारीक केला. बाहेर ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाली,

"एक सांगायचं राहिलंय. अब्बा आजारी पडायच्या दोन महिने आधी ॲपवर आलं होतं, लिमिट दुप्पट करून देतो म्हणून. मी नको दाबलं. म्हटलं, हात सैल सुटेल."

नवाज बुटाची नाडी सोडत होता. त्याची बोटं थांबली नाहीत.

"ठाऊक आहे."

"कसं?"

"मेसेज मला आलेला. कार्ड माझ्या नावाचं आहे ना."

तीन महिने हा माणूस समोर बसून जेवत होता, आणि एका शब्दाने बोलला नव्हता.

"तेव्हा बरंच वाटलं होतं मला," नवाज म्हणाला. "बायको शहाणी आहे, असं गाडीवरच्या चार जणांना सांगितलेलं."

त्याने बूट कडेला ठेवले, मोरीत जाऊन हात धुतले. मग पिशवीची शिवण उसवली आणि तांदूळ डब्यात ओतायला लागला.

"आला का रं किराणा?" बाहेरून चाँदबीने विचारलं.

"आला, अम्मी."

कौसरने दोन वाट्या तांदूळ काढून धुवायला घेतले. नवाजसाठी तिसरी घ्यावी का, हे विचारायला ती वळली. नवाज डब्याचं झाकण हातात धरून, पाठमोरा, तसाच उभा होता.