उणेसरांची नात

माझ्या वडिलांना सगळे 'उणेसर' म्हणायचे. आडनाव नव्हे हो! कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत उत्तर चुकलं की गुण कापले जायचे, आणि त्या उणे गुणांच्या धाकावरच बाबांचा क्लास चालायचा. आमच्याच पुढच्या खोलीत. दारात चपलांचा हा ढीग, आत मांडीला मांडी लावून बसलेली मुलं. मीही त्यातच शिकले. सराव पेपरात उत्तर येत नसेल तर पेन्सिल वर धरायची, क्षणभर थांबायचं आणि प्रश्न सोडून पुढे जायचं. कुणी अंदाजपंचे गोल काळा केला की बाबांना लांबूनच कळायचं. "अंदाज पावसाचा बांधा, उत्तराचा नको!" खोलीभर खसखस पिकायची. किती छान दिवस होते ते, काय सांगू! 'येत नाही' म्हणायची तिथे कुणालाच लाज वाटायची नाही.

यंदा परीक्षाच बदलली. कॉम्प्युटरवर आली, आणि उत्तर चुकलं तरी आता गुण कापत नाहीत. म्हणजे प्रश्न कोरा सोडणं हा शुद्ध वेडेपणा. क्लास तर कधीच ओस पडला होता. उरली होती एकच विद्यार्थिनी, माझी लेक. आणि ही बया प्रत्येक सराव परीक्षेत सात-आठ प्रश्न कोरे सोडून यायची! हव्या त्या कॉलेजचा प्रवेश तेवढ्याच गुणांनी हुकत होता.

"अगं, ठोक ना काहीतरी!" मी ओरडायचे.

"आजोबांना काय तोंड दाखवू मग?" ती म्हणायची.

शेवटी मी बाबांवरच घसरले. "तुमचंच ऐकते ती. सांगा तिला. तुमच्या तत्त्वापायी पोरीचं वर्ष जाईल."

"जे येत नाही ते येतं म्हणून दाखव, असं कसं सांगू गं?" बाबा एवढंच म्हणाले. माझं असं डोकं फिरलं! दोन दिवस मी त्यांच्याशी बोललेच नाही.

परीक्षेच्या दिवशी ते हट्टाने बरोबर आले. फाटकाशी लेक आत जायला वळली, तसा त्यांनी तिचा हात धरला.

"हे बघ, एकही प्रश्न सोडायचा नाही. येत नसेल तर..." बाबा अडखळले. "तर ठोकून दे."

ती बघतच राहिली. "नक्की, आजोबा?"

"नक्की. पळ आता."

ती आत गेली आणि बाबा तिथल्याच कठड्यावर मटकन बसले. मला वाटलं, आता म्हणतील, 'झालं ना तुझ्या मनासारखं?' पण ते म्हणाले, "आज माझा क्लास बंद झाला बघ."

इतके दिवस याचसाठी तर मी भांडले होते. आणि आता पोरीला धावत जाऊन परत बोलवावं असं वाटत होतं. मला रडू आवरेना. बाबाच मला थोपटत बसले.

पेपर सुटला. लेक उड्या मारतच बाहेर आली. "आजोबा, एकही सोडला नाही!"

"शाबास," बाबा म्हणाले, आणि आमच्याकडे न बघता चालू लागले.