माझ्या डोक्यावरचे चौदा चौरस इंच

मी एक गाडी बोलतेय. बैलगाडी नव्हे न् मोटारही नव्हे. चंद्रावर धाडायच्या गाडीचा नमुना! हसा खुशाल. १९७८ साली भोसरीच्या एका कारखान्यात भलेभले अभियंते माझ्या सहा चाकांपुढे उकिडवे बसलेले मी पाहिलेत.

चंद्रावर ऊन फार. ते परतवावं म्हणून माझं डोकं पांढरंशुभ्र रंगवलं होतं. मी किती तापेन ते मुकुंदाने आधीच कागदावर काढलं होतं: बेचाळीस अंश. चष्मिष्ट, कमी बोलणारा पोरगा. मोठ्या साहेबांचं, हरिहररावांचं, तोंड मात्र कधी मिटत नसे. "हातमोजे घातल्याशिवाय गाडीला बोट लावायचं नाही!" असं ते दिवसातून दहादा ओरडत.

आणि खंडेनवमीला? लेथ, ड्रिल यांच्याबरोबर माझीही पूजा! साहेबांनी उघड्या हाताने, कुंकू तेलात कालवून, माझ्या डोक्यावर वीतभर स्वस्तिक काढलं. नारळाचं पाणीही शिंपडलं. मला गुदगुल्या झाल्या.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर मला लोखंडी कोठीत बंद केलं, आतली हवा काढली आणि सूर्याऐवजी मोठे दिवे लावले. काटा साठावर गेला.

"अठरा अंशांची चूक!" साहेब कडाडले. "मुकुंदराव, उद्यापासून गेटावरच्या टाइम ऑफिसात बसा आणि हजेरीची पंचकार्डं मोजा."

मुकुंद पांढराफटक. सहा महिन्यांचं काम, अन् आता गेटावर बसायची पाळी! कोठीच्या काचेतून माझं डोकं सगळ्यांना दिसत होतं, पण पूजेचं कुंकू कुणाच्या डोळ्यांत भरतंय? मला तोंड असतं तर तिथंच सांगितलं असतं.

झाडू मारणाऱ्या कुशाबाईने केरसुणी थांबवली. "साहेब, एक इचारू? चुना मारलेल्या गच्चीवर अनवाणी चालता येतं, लाल कोब्यावर पाय भाजतो. ह्या बयेच्या डोक्यावर तुमीच लाल फासलंय. त्ये धरलंय व्हय गणितात?"

"कुंकवानं काय होतंय, बाई!"

"मग पुसून पुन्हा तापवू," मुकुंद म्हणाला.

"नवमीचं कुंकू पुसायचं? डोकं ठिकाणावर आहे का?"

"पुसू नगा," कुशाबाई म्हणाली. "गणितात घाला. देवाला चालतंय."

मुकुंदाने काचेतून मापं घेतली, कागद भरभर काळे केले. उत्तर आलं साठ. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आकडा साठच. 'वरच्या भागावर चौदा चौरस इंच कुंकू' अशी ओळ अहवालात गेली आणि खाली साहेबांना मुकाट सही करावी लागली. मुकुंद राहिला आपल्या टेबलापाशी.

चंद्रावर मी कधी गेले नाही. आता स्टोअरमागे ताडपत्रीखाली आहे. दुपारी कामगार माझ्यावर डबे मांडतात, तेवढीच सोबत.

फक्त एक सल आहे. त्या अहवालात साहेबांचं नाव आहे, मुकुंदाचं आहे, कुंकवाचंसुद्धा आहे. कुशाबाईचं नाही. तेव्हा बाबांनो, कुणाच्या हाती तो कागद लागलाच, तर समासात एवढं लिहा: चूक कुशाबाईने धरली. पेन्सिलीने नको. शाईने लिहा.