मुठीतला फुगा

मित्रांनो, माणगावच्या एका तपासणी केंद्रात एमआरआयच्या मोठ्या यंत्राशेजारी लिंबाएवढा रबरी फुगा टांगलेला असतो. तो मी. नऊ वर्षांत माझा करडा रंग पार उडाला आहे, तेव्हा मला जुना म्हणायला हरकत नाही.

यंत्राच्या बोगद्यात जाणाऱ्या माणसाच्या मुठीत मला देतात. मला दाबलं की नळीतून हवा जाते आणि काचेपलीकडे घंटी वाजते. आत ठकठक सुरू झाली की हाक ऐकू जात नाही, म्हणून मी.

मधे माझे फार हाल झाले. नळीला चीर गेली, कुणी पाहिलं नाही. माणसं मला दाबत, मी नुसता फुस्स करी. एक बाई तर रडतच बाहेर आली. "किती वेळा दाबलं हो!" म्हणाली. मला लाज वाटली.

मग प्रणालीताई यंत्र चालवायला इथे नोकरीला लागली. पहिल्याच सकाळी तिने मला दाबून पाहिलं. घंटी गप्प! "नळी बदलल्याशिवाय मी एकालाही आत घेणार नाही," ती म्हणाली. बाहेर माणसं ताटकळली, कुरकुरली. ती बधली नाही. दुपारी नवी नळी आली आणि मी पुन्हा माणसात आलो.

एके दिवशी कोंडाजीकाका कंबर धरून आले. सोबत बायको, सोनाबाई. दोघं भातशेती करणारी. प्रणालीताईने नेहमीचे प्रश्न विचारले. शरीरात सळी, छर्रा? डोळ्यात कधी लोखंडाची कणी गेली होती?

"न्हाय न्हाय," काका घाईने म्हणाले.

करगोट्याला बांधलेली चावी तिने काढून सोनाबाईंकडे दिली. मग त्यांच्या गुडघ्यांखाली उशी दिली, अंगावर पांघरूण घातलं आणि मला मुठीत ठेवलं. "काका, नकोसं वाटलं तर दाबा. मी लगेच येते."

मूठ घामाने ओली होती. पलंग आत सरकू लागला तोच त्यांनी मला सगळा जोर लावून दाबलं. पलंग थांबला. प्रणालीताई धावत आली.

"भीती वाटली का काका?"

"पोरी, मी खोटं बोललो. पूर्वी ग्रिलच्या कारखान्यात घासकाम करायचो. डोळ्यात कणी उडाली व्हती. सगळी निघाली का न्हाय, ठाव न्हाय. सांगितलं तर परत पाठवशील वाटलं."

तिचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. "बरं झालं सांगितलंत. यंत्रातलं चुंबक ती कणी ओढतं, डोळा जाऊ शकतो. आता मान हलवू नका." तिने पलंग अगदी सावकाश खोलीबाहेर नेला.

एक्स-रेमध्ये डोळ्यापाशी बारीक ठिपका दिसला. डॉक्टरांनी एमआरआय रद्द करून सीटी स्कॅन केला. कमरेचं दुखणं त्यातही सापडलं, औषध लागू पडलं.

"मला तरी सांगायचं व्हतं!" सोनाबाई चिडल्या.

"तुला सांगितलं असतं तर गावभर झालं असतं," काका पुटपुटले आणि प्रणालीताईला हसू आवरेना.

चार महिन्यांनी सोनाबाईंचा गुडघा दाखवायला दोघं पुन्हा आली. आता काका दारातूनच बजावत होते, "जोडवी काढ. पिना काढ. इचारतील ते समदं सांग."

"सांगते हो. तुमच्यासारखी न्हाय मी."

यंत्र ठकठकू लागलं. सोनाबाईंनी मला घट्ट धरलं होतं. थोड्या वेळाने मूठ सैल झाली. मी दचकलो, पण त्यांना चक्क झोप लागली होती! भातलावणीने खरखरीत झालेल्या त्या उघड्या तळहातावर मी पंचवीस मिनिटं निवांत पडून राहिलो. इतकं सुख मला क्वचितच मिळालं असेल.

मित्रांनो, तुमच्या घरचं कुणी या तपासणीला निघालं, तर काही लपवू नका म्हणावं. जुनं ऑपरेशन, जुनी जखम, सगळं सांगायला लावा. आणि आत जाण्याआधी मला एकदा दाबून पाहायला सांगा. घंटी वाजली की खुशाल डोळे मिटा.