नसलेल्या बहिणीचा आत्मा

या, असे पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलात तर अर्धंच कानावर पडेल, आणि ही गोष्ट अर्धी ऐकली तर भलत्याच माणसाचा राग येतो. पूर्ण ऐका. देवाचं नाव घेऊन सांगतो, यातलं काही तिखटमीठ लावून सांगणार नाही.

टायरच्या दुकानाच्या वर एक सभागृह आहे. जिना अरुंद, रबराचा वास थेट वरपर्यंत येतो. त्या दिवशी तिथे खुर्च्या दोनशे आणि माणसं चारशे होती. मीही होतो, तिसऱ्या रांगेत. देवाचं काही आहे म्हटलं की माझे पाय आपोआप वळतात, त्याला इलाज नाही.

समोर उंच आसनावर बाबा. डोळ्यांवर काळी जाड पट्टी, दोन्ही कान झाकून मागे गाठ मारलेली. बाजूला काचेची भलीमोठी बरणी. तिच्यात पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी गोळ्या गळ्यापर्यंत भरलेल्या. भक्तांनी सोडून दिलेली औषधं ती.

"टोकन एकतीस!" सेवक माइकवर ओरडला. "एकतीस नंबर, उभे राहा!"

एक वॉचमन गणवेशातच आला होता. तो उभा राहिला.

"तू बोलू नकोस, बाळा," बाबा म्हणाले. "तू बोललास की माझी दृष्टी गढूळ होते." मग मान डोलवत थांबले. "तुझी बायको हात धुते. धुतच राहते. बोटांची सालं निघाली आहेत. आणि तू साबण लपवून ठेवतोस. पाण्याच्या टाकीमागे."

वॉचमनच्या हातातली टोपी खाली पडली. "टाकीमागेच! अहो, हे मी सख्ख्या भावालासुद्धा सांगितलं नाही!"

टाळ्यांनी पत्रे हादरले. माझ्या शेजारचे शिंपीदादा मला कोपरानं ढोसत म्हणाले, "बघा! डोळे बांधलेले असताना!"

"डोळे बांधूनही सगळं दिसतं, तर मग टोकन नंबर ओरडून कशाला सांगतात?" मी विचारलं.

"शिस्त नको का? तुम्हाला ना, फार शंका. देवाच्या दारी तरी गप्प बसा."

साबणाचं कोडं मात्र मलाही सुटत नव्हतं.

"गोळी सोडा, गाठ सुटेल!" बाबा गरजले. सभागृहानं तेच तीनदा म्हटलं आणि वॉचमननं खिशातली बायकोच्या गोळ्यांची पाकिटं बरणीत रिकामी केली.

"टोकन बत्तीस!"

पन्नाशीची एक बाई उठली. बाजाराच्या तोंडाशी कपाटाएवढ्या टपरीत चाव्या करून देणारी. सगळे तिला चावीवाली म्हणतात. बोटांच्या पेरांत लोखंडाचा बारीक कीस कायमचा बसलेला. शेजारी अठ्ठावीस वर्षांचा एक उंच, वाळलेला तरुण कानांत बोटं घालून बसला होता.

"तुझ्या घरात नळ बोलतो," बाबा म्हणाले. "पोरगा नळाला घाबरतो. सकाळी तू त्याला आत ठेवतेस, बाहेरून कुलूप लावतेस आणि दिवसभर दुसऱ्यांच्या चाव्या घासतेस. खरं ना? बोलू नकोस! हा तुझ्या पोटचा नव्हे. तुझ्या मेलेल्या बहिणीचा. तिचाच आत्मा याच्यात अडकलाय. गोळ्या बंद कर. आणि रोज तीन वेळा याला सांग, तुझी आई मेली, तिला जाऊ दे."

बाईचं तोंड उघडलं आणि मिटलं. मग बरणीकडे जाऊन तिनं मुलाच्या गोळ्या आत ओतल्या.

ती का गप्प राहिली, ते तिनंच मला पुढे सांगितलं. मी कपाटाची चावी करायला दिली होती. कानस चालवता चालवता, वर न बघता सांगत होती.

तो तरुण तिचाच मुलगा. पोटचा, एकुलता. जमीन मोजणीचं शिकत होता, नकाशे असे काढायचा की रेघ जणू सुरीनं कापलेली. एकोणिसाव्या वर्षी त्यानं घरातले सगळे नळ फडकी कोंबून बंद केले. पाणी आपलं नाव घेतं म्हणाला. तेव्हा ती जुन्या वस्तीत राहायची. बातमी पसरली तशी गिऱ्हाइकं आटली. एकानं तर तोंडावर सांगितलं, "बाई, आमच्या घराची चावी तुमच्या घरी पडून राहणार, आणि घरात तो. कसं चालेल?"

म्हणून तिनं वस्ती बदलली. नव्या गल्लीत सांगितलं, बहिणीचा मुलगा आहे, बहीण गेली, मी सांभाळते. लोकांची नजरच बदलली. वेड्याच्या आईला वाटेला लावणारे लोक अनाथाच्या मावशीला म्हणू लागले, काय मोठं मन हो तुमचं! चाव्या पुन्हा येऊ लागल्या. मुलाला तिनं समजावलं, "बाहेर मला मावशी म्हणायचं. घरात आई." तो शहाणा पोर, चुकला नाही कधी. हॉस्पिटलच्या केसपेपरवरही तिनं मावशीच लिहिलं.

नऊ वर्षं ती त्याला ओपीडीत नेत होती. चार तास बाकावर, दोन मिनिटं डॉक्टरांपुढे. झोपतो का? जेवतो का? गोळ्या घेतो का? सगळे प्रश्न त्याच्याबद्दल. या आजाराला नाव काय, तो किती दिवस राहतो, गोळ्या एकदम बंद केल्या तर काय होतं, हे तिला कुणी सांगितलं नाही. एकदा तिनं विचारलं, तर उत्तर मिळालं, "जवळचं कुणी असेल तर पाठवा, त्यांना सांगू."

आणि एक दिवस बाकावर शेजारी एक बाई येऊन बसली. मांडीवर राखाडी लोकर, हातात सुया. तिनं विणता विणता विचारलं, "तुम्ही जेवलात का?"

नऊ वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता. चावीवालीचा बांधच फुटला. नळाचं सांगितलं, कुलपाचं सांगितलं, टपरीत बसून घराकडे लागलेल्या जिवाचं सांगितलं. एवढं सगळं खरं बोलली. फक्त मुलगा तेवढा सवयीनं बहिणीचाच राहिला. जाताना लोकरवालीनं तिच्या हातात टोकन दिलं. "एकदा बाबांकडे जाऊन या."

म्हणजे बाबांच्या तोंडून मेलेली बहीण निघाली, तेव्हा आपलंच खोटं परत आलंय, हे तिला कळायला हवं होतं. कळलं नाही. तिला काय वाटलं, ऐका. तिला वाटलं, बाबांना सगळं दिसतं, मी आई आहे हेही दिसतं, पण चारशे माणसांत त्यांनी माझी लाज राखली. माझं खोटं पदरात घेतलं. केवढी माया! लाजेनं वाकलेल्या माणसाला कुणी जरा सांभाळून घेतलं, की ते कुठवर जातं बघा. तिची श्रद्धा दुप्पट झाली.

सोळा दिवस गोळ्या बंद. सोळा दिवस, रोज तीन वेळा, आई आपल्या लेकासमोर बसून सांगायची, "तुझी आई मेली. तिला जाऊ दे."

पहिल्यांदा तो हसला. चौथ्या दिवशी त्यानं विचारलं, "कधी मेली?" दहाव्या दिवशी घरातसुद्धा तो तिला मावशी म्हणू लागला. "मावशी, तू तिला शेवटचं पाहिलंस का?" जेवण सोडलं. सतराव्या दिवशी ती टपरीवर असताना खिडकीचे गंजलेले गज वाकवून निघून गेला.

दोन दिवसांनी सापडला. पाणीपुरवठ्याच्या पंपघरामागे, मोठ्या पाइपाला कान लावून. तळपाय फाटलेले, ओठ सुकून चिरलेले. शिपायानं उठवायला हात लावला तर म्हणाला, "हळू बोला. आई आत आहे."

वॉर्डातली सिस्टर जाडजूड आणि मोठ्या आवाजाची. सलाईन लावून झाल्यावर तिनं चावीवालीला स्टुलावर बसवलं.

"गोळ्या कुणी बंद केल्या?"

"बाबांनी. त्याच्यात माझ्या बहिणीचा आत्मा आहे म्हणून."

"कधी वारली बहीण?"

चावीवाली हातातल्या किसाकडे बघत म्हणाली, "मला बहीण नाही, सिस्टर. तो माझाच आहे."

सिस्टरनं पेन खाली ठेवलं. नंतर, एरवीपेक्षा निम्म्या आवाजात, "मग तुम्हाला नसलेली बहीण बाबांना कुठून दिसली?"

चावीवालीनं झटकन मान वर केली.

"देवाला तरी ठाऊक असतं ना हो, कोण कुणाच्या पोटचं ते? हे खोटं कुणाकुणाला सांगितलंत?"

"गल्लीत. आणि इथे."

"आणि नळाचं? कुलपाचं?"

"ते एकीलाच." चावीवाली उठून दारापर्यंत गेली. बाहेर बाकावर राखाडी लोकर घेऊन ती बसली होती. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारत होती, "आजोबा, जेवलात का?"

सिस्टरनं डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "ही? मी समजत होते, कुणाची तरी नातेवाईक आहे. हिच्याबरोबरचा पेशंट मात्र मी कधीच पाहिला नाही!"

पुढच्या सभेला मी पुन्हा गेलो. साबण डोक्यातून जात नव्हता. चावीवाली या वेळी एकटी होती; सिस्टर साध्या कपड्यांत दाराशी उभी. टोकन नऊ, लोकरवालीकडूनच पुन्हा मागून घेतलेलं.

"आत्मा हट्टी आहे तुझ्या बहिणीचा," बाबांनी सुरुवात केली.

"बाबा, तिच्या हनुवटीवर काय होतं?"

बाबांचं बोट पट्टीखाली कानाकडे गेलं. "तीळ," ते म्हणाले. "ठसठशीत तीळ."

"मला बहीण नाही, बाबा. मी एकटीच जन्मले."

सेवक धावला, पण आसनापुढचा माइक तिनं घट्ट धरला होता. लोखंड घासणारे हात ते, सुटतात थोडेच!

"तो माझा मुलगा आहे. मी त्याला जन्म दिला. तो आजारी आहे. माणसांना भिऊन मी त्याला बहिणीचा केला. ते खोटं मी हॉस्पिटलच्या बाकावर एका बाईला सांगितलं. राखाडी लोकर विणते ती. तुमच्यापैकी कोण कोण बोललंय तिच्याशी?"

पाठीमागे एक हात वर झाला. मग डावीकडे दोन. मग हात वर होतच राहिले, कुणी मान खाली घालून, कुणी शेजाऱ्याकडे बघत. वॉचमन उभा राहिला. "भावाला नव्हतं सांगितलं," तो म्हणाला, "तिला सांगितलं होतं." आणि तो सरळ आसनाकडे गेला नि बाबांच्या पट्टीची गाठ सोडली.

कानातून बोराएवढं यंत्र माइकपाशी पडलं. त्यातून बारीक आवाज अख्ख्या सभागृहाला ऐकू आला, "तीळ कशाला म्हणालात? विषय बदला! विषय बदला!"

पडद्यामागे एक इसम वही घेऊन बसला होता. टोकनचा नंबर, पुढे माणसाचं दुःख. बाबांची दिव्यदृष्टी ती एवढीच. शिंपीदादांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मलाही जिंकल्यासारखं वाटलं नाही. त्या वहीची पानं फार होती.

लोकरवालीला लोकांनी जिन्यात गाठलं. हात उगारले गेले, तेव्हा चावीवालीच मध्ये पडली.

"माझी मुलगी आहे बाबांच्या मागच्या खोलीत," लोकरवाली रडत सांगू लागली. "तीही तशीच आहे. दुसरं कुणी ठेवून घेईना. यांनी ठेवून घेतलं आणि म्हणाले, बाकावर बसून ऐकत जा." मग चावीवालीचा हात धरून म्हणाली, "पण ताई, जेवलात का, ते मी खरंच विचारायचे हो."

आता मला सांगायचं ते सरळ सांगतो. मी देव मानतो, मरेपर्यंत मानीन. पण ज्याला आपल्या मनातलं ऐकायला कानात यंत्र लागतं, तो देवाचा कुणी नव्हे. आजार हा आजार आहे. गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायची नसते, मग सांगणारा आसनावर बसलेला असो की घरातला असो. आणि बाबाला शिव्या देऊन आपण मोकळे होत असू, तर तेही खरं नव्हे. त्याचा धंदा चालला तो बाकावर. सांभाळणाऱ्याला विचारणारं तिथे दुसरं कुणी असतं, तर त्याची वही कोरी राहिली असती.

चावीवाली, वॉचमन आणि आणखी दहा-बाराजण हॉस्पिटलच्या प्रमुखांकडे गेले. ती तिथे म्हणाली, "साहेब, रात्रंदिवस आम्ही सांभाळतो. आमच्या माणसाला काय झालंय, ते आम्हाला कळेल असं सांगा. आम्ही आजारी पडलो तर चार दिवस त्याला कुठे ठेवायचं, ते सांगा. मेहेरबानी मागत नाही, हा आमचा हक्क आहे." एक खोली मिळाली. दर गुरुवारी डॉक्टर घरच्यांशी बोलायला बसतात, लोकरवालीही मुलीला घेऊन येते. चार दिवस ठेवायच्या खाटांचा अर्ज अजून टेबलावरच आहे. केसपेपरवर 'मावशी' खोडून 'आई' लिहिलं गेलं. तीन गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच.

मुलगा घरी आहे. गोळ्या सुरू आहेत. जेवतो, झोपतो, कधी कधी कागदावर रेघाही ओढतो. पण आई मेली हे जे त्याच्या मनात बसलं, ते निघालं नाही. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. निघेलच असं ते म्हणत नाहीत. तो तिला मावशी म्हणतो. परवा जेवताना त्यानं विचारलं, "मावशी, माझी आई कशी होती गं?"

ती म्हणाली, "घाबरट होती रे. पण तुझ्यावर फार जीव होता तिचा."

आज हात जोडून बसाल, तेव्हा आपलं मागणं झालं की तिला आठवा. देवापुढे नुसतं 'त्याची आई' म्हणा. तेवढं देवाला पुरतं.