आडव्या सुरईचं नाणं

सत्यजितला माणसं खेळवायला आवडायची. गिरिजाला हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण चारचौघांत तो इतका गोड बोलायचा की तिनं काही सांगितलं असतं तरी कुणाला खरं वाटलं नसतं. म्हणून ती गप्प राहायला शिकली, आणि पुढे ते अंगवळणीच पडलं.

शारजात त्यांचं मराठी खाण्याचं हॉटेल होतं. गल्ल्यावर गिरिजा बसायची आणि आतली भट्टी किसन सांभाळायचा. चिपळूणकडचा हा माणूस हॉटेल उघडल्यापासून त्यांच्याकडे होता, आणि त्याचा पासपोर्ट सत्यजितच्या ताब्यात. त्याच्या हातच्या वड्यांसाठी दुबईहून लोक गाडी काढून यायचे, आणि सत्यजित त्यांना हसत सांगायचा, "रेसिपी माझी हं."

गल्ल्यासाठी बँकेतून एक दिरहमच्या नाण्यांचे रोल यायचे, कागदात घट्ट वळलेले. सत्यजितला जुन्या आणि चुकीच्या ठशाच्या नाण्यांचा भारी नाद होता. रोल आले की आधी तो ते फोडायचा, एकेक नाणं उलटंपालटं करून बघायचा, मगच ती गल्ल्यात जायची. दिरहमवर अरबी कॉफीची सुरई असते. टाकसाळीत ठसा फिरला की नाणं उलटल्यावर ती सुरई आडवी पडलेली दिसते. तसली दोन नाणी सत्यजितकडे होती. एक त्याला रोलमध्ये मिळालं होतं आणि दुसरं त्यानं बर दुबईच्या एका दलालाकडून तीनशे दिरहमला, म्हणजे सात हजार रुपयांना घेतलं होतं. नाण्यांचा अल्बम घरी त्याच्या खोलीतल्या कपाटात असायचा. पाहुणे आले की तो बाहेर यायचा.

त्या वर्षी किसनची आई अंथरुणाला खिळली. भावाचे फोनवर फोन यायला लागले, ये म्हणून. किसन हात पुसत बाहेर आला आणि गल्ल्याशी उभा राहिला.

"साहेब, पंधरा दिवस सोडा मला. आईचं काही खरं नाही."

सत्यजित तेव्हा दोन मित्रांबरोबर चहा घेत होता. त्यानं समोरचा रोल उचलून किसनच्या हातात ठेवला.

"सोडतो की. मी काय राक्षस आहे? पण एक काम कर. आडव्या सुरईचं नाणं शोधून दे. ज्या दिवशी देशील, त्या दिवशी पासपोर्ट हातात, तिकीट माझ्याकडून."

मित्र हसले. किसनही हसला, त्याला वाटलं साहेब थट्टा करताहेत. पण दुसऱ्या दिवशी सत्यजितनं खरोखरच बँकेतून रोलांनी भरलेली पिशवी आणून भट्टीजवळ ठेवली.

मग तो रोजचाच खेळ झाला. दुपारची गर्दी ओसरली की किसन कांद्याच्या पोत्यावर बसायचा आणि रोल फोडायचा. तेलकट बोटांनी नाणं धरायचा, उलटायचा, डोळ्यांशी न्यायचा. सत्यजित मित्रांना आत नेऊन दाखवायचा. "बघा, आमचा नाणेतज्ज्ञ. काय किसन, मिळालं का?" किसन नाही म्हणून मान हलवायचा. "इन्शाल्ला, उद्या मिळेल," असं म्हणून सत्यजित त्याची पाठ थोपटायचा.

एकदा श्रिया, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, हे बघून म्हणाली, "बाबा, दॅट्स सो मीन." सत्यजितनं तिला जवळ घेतलं. "अगं, मजा आहे. त्याचाही वेळ जातो." श्रियानं खांदे उडवले आणि ती मोबाईल बघत निघून गेली.

"जाऊ द्या ना त्याला," गिरिजा एका रात्री जेवताना म्हणाली.

"नाणं मिळालं की जाईल."

"आणि नाहीच मिळालं तर?"

"मग त्याचं नशीब. आमटी वाढ."

गिरिजानं आमटी वाढली. पण दुसऱ्या दिवशी तिनं किसनला मोरीपाशी पाठमोरा रडताना पाहिलं, आणि तिच्या मनात आलं ते तिनं करून टाकलं. सत्यजित घरी नसताना तिनं कपाट उघडलं आणि अल्बमच्या शेवटच्या पानावरच्या दोनांतलं एक नाणं काढून घेतलं. दोन आहेत, एकानं काय होतंय, असं तिला वाटलं. नाणं मिळाल्याच्या आनंदात तो अल्बम कशाला उघडून बघेल? हॉटेलात येऊन तिनं एका रोलचा कागद हलकेच उलगडला, नाणं आत सरकवलं, पुन्हा नीट वळला आणि तो रोल पिशवीत अगदी वर ठेवला. कित्येक वर्षांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

दुपारी आतून किसनची आरोळी आली. तो धावत बाहेर आला, कपाळावर घाम, हातात नाणं.

"साहेब! आडवी! सुरई आडवी!"

हॉटेलातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सत्यजितनं नाणं घेतलं, उजेडात धरलं, आणि कडेवरून अंगठा फिरवला. कडेला ती ओळखीची बारीक खाच होती. त्याचं हसू हळूहळू मावळलं.

"हे माझं नाणं आहे," तो शांतपणे म्हणाला. "माझ्या अल्बममधलं."

किसनला आधी काही समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यानं गणपतीची शपथ घेतली, आईची घेतली. गेल्या आठवड्यात गॅसचा सिलिंडर पोचवायला तो घरी आला होता, हे सत्यजितनं सगळ्यांसमक्ष आठवून सांगितलं. मग तो गिरिजाकडे वळला.

"तू कपाट उघडलं होतंस?"

किसनही तिच्याकडे बघत होता. "वहिनी, तुम्हीच सांगा. मी स्वयंपाकघराच्या पुढे तरी गेलो का कधी?"

गिरिजानं आजूबाजूला पाहिलं. गल्ल्यापलीकडे ओळखीची माणसं होती, महाराष्ट्र मंडळातल्या दोन बायकाही होत्या. हो म्हटलं की घरी काय होईल हे तिला ठाऊक होतं.

"मी नाही उघडलं," ती म्हणाली. "मला काय माहीत."

सत्यजितनं पोलिसांचं नाव काढलं, आणि किसन त्याच्या पायांवर पडला. मग सत्यजित मोठ्या मनाचा झाला. तक्रार करणार नाही, म्हणाला. किसननं हिशेब मिळाल्याची सही करायची, इतक्या वर्षांच्या नोकरीचं काहीही मागायचं नाही, व्हिसा रद्द, खलास. किसननं सही केली. निघताना तो गल्ल्याशी थांबला, पण गिरिजानं कॅल्क्युलेटरवरून मान वर केली नाही.

पंधरवड्यानं एका रविवारी दोघं बर दुबईच्या देवळात निघाले होते. नेहमीसारखा रस्ता तुंबलेला. गिरिजाचा फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला होता. किसनचं नाव दिसलं, आणि तिनं हात पुढे करायच्या आत सत्यजितनं बटण दाबलं.

"वहिनी, किसन बोलतोय. आई गेली परवा."

"अरे देवा," गिरिजा म्हणाली.

"भेटली, पण बोलली नाही. शारजातल्या आमच्या गाववाल्यानं आधीच फोन करून सांगितलं होतं, किसननं चोरी केली म्हणून. मी पायाशी बसलो तर तिनं भिंतीकडे तोंड केलं. शेवटपर्यंत तशीच होती." तो थांबला, नाक ओढलं. "ते जाऊ दे. तुमचे आभार मानायला फोन केला. तुम्ही साहेबांना समजावलं असणार, म्हणून पोलिसांत गेलं नाही. नाहीतर हेही दर्शन झालं नसतं."

सत्यजितनं तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या. बोल, अशी मान हलवली. गिरिजा स्पीकरकडे बघत राहिली. "वहिनी? ऐकू येतंय का?" किसन दोनदा म्हणाला आणि फोन कट झाला.

गाडी थोडी पुढे सरकली.

"त्या गाववाल्याला मीच सांगितलं होतं," सत्यजित म्हणाला. "आणि किसननं घेतलं नाही, हे मला तिथेच कळलं होतं. सिलिंडर दारातच उतरवून घेतला होता मी. कपाट कुठं आहे हेसुद्धा त्याला ठाऊक नाही."

"मग का केलंत?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"मी काय केलं? मी फक्त तुला विचारलं." तो हसला. "तू बोलतेस का, एवढंच बघायचं होतं मला. हो म्हणाली असतीस तर त्याला त्याच दिवशी तिकीट काढून दिलं असतं. शपथ."

हे खरं की हाही खेळच, हे तिला कळेना. आता कधी कळणारही नव्हतं. दार उघडून भर रस्त्यात उतरावं, असं तिला वाटलं. तिचा हात सीटबेल्टपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. पुढची गाडी हलली. मागच्यानं हॉर्न वाजवला.

"उजवीकडे घ्या," ती म्हणाली. "ती लेन मोकळी आहे."