सांबुसाकनंतरचे तास

एल्हानान बेअर ठरलेल्या वेळेच्या बराच आधी बसथांब्यावर येऊन उभा होता, आणि याचं इस्रायलमधल्या त्या किर्यात ब्यालिक गावात कोणालाच नवल वाटलं नसतं. त्याचे आईवडील जर्मनीहून आलेले. त्या घरांतली माणसं दात उपटून घ्यायलासुद्धा वेळेआधी पोचतात. पण आजचं कारण वेगळं होतं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. मग घरात बसून करायचं काय?

दोन आठवड्यांपूर्वी त्याने गुर्जियाला लग्नाचं विचारलं होतं. ज्येष्ठांच्या क्लबात, पत्त्यांच्या टेबलाशी, बाकीचे दोघे चहा आणायला उठले तेवढ्यात. तो सत्तरी ओलांडलेला, ती सत्तरीला टेकलेली. दोघांचेही जोडीदार जाऊन बरीच वर्षं झाली होती. गुर्जियाने हातातले पत्तेसुद्धा खाली ठेवले नाहीत.

"सहलीला येणारेस ना त्स्फातला? तिथे सांगते," ती म्हणाली. "तोवर पुन्हा विचारायचं नाही. आणि एक आत्ताच ऐकून ठेव. मी जन्मभर माझ्या आईच्या पद्धतीने जगलेय. माझा सासोनसुद्धा बगदादचाच होता, त्यामुळे लग्नानंतरही मला काही बदलावं लागलं नाही. आता या वयात तुझ्या घरात येऊन मी जर्मन व्हायची नाही."

तो जन्मभर लोकांना चष्मे करून देत आला होता. समोरच्याला काय दिसत नाही हे त्याला लगेच कळायचं. समोरची काय म्हणणार आहे, हे मात्र या दोन आठवड्यांत त्याला काही केल्या कळलं नव्हतं. ते वाक्य त्याने उलटसुलट करून पाहिलं. कधी त्यात होकार दिसायचा, कधी सरळसरळ नकार.

बस आली, भरली, निघाली. क्लबाच्या सहली काढणारा पिन्हास पुढे उभा राहून माइकवर दिवसाचा बेत सांगू लागला. आधी जुन्या वस्तीतलं चीजचं दुकान. मेंढीच्या दुधाचं, त्यांच्याच तळघरात मुरवलेलं. चाळीस जणांसाठी सांगून ठेवलंय. मग जुनी प्रार्थनागृहं, मग चित्रकारांची गल्ली, मग जेवण आणि परत. चीजचं नाव निघताच बसभर समाधानाची कुजबुज पसरली. निम्मी बस तेवढ्यासाठीच आली होती.

गुर्जिया दोन रांगा पुढे बसली होती. शेजारी फ्रेहा. फ्रेहाचा आवाज असा, की तिने गुपित सांगितलं तरी ड्रायव्हरला ऐकू जावं. कार्मिएल गाव यायच्या आत गुर्जिया मोठा डबा घेऊन उठली आणि एकेकाच्या हातात सांबुसाक ठेवत निघाली. करंजीएवढे, खमंग तळलेले.

"चण्याचे केलेत," ती प्रत्येकाला सांगत होती. "मुद्दाम. नंतर चीज खायचंय ना."

एल्हानानला तिने दोन दिले. नजरेला नजर दिली नाही, पण दोन दिले. त्याने पहिला खाल्ला आणि तो चाटच पडला. त्याच्या आईच्या हातच्या चण्याला पुठ्ठ्याची चव असायची. चणा इतका चविष्ट असू शकतो हे त्याला आज पहिल्यांदाच कळत होतं. दुसराही त्याने लगोलग संपवला.

तेवढ्यात फ्रेहा ओरडली.

"गुर्जिया! अगं, यात खिमा आहे!"

"काहीतरीच काय. चणा आहे."

"मला शिकवतेस? खिमा आहे, कांदा आहे, चांगला परतलेला आहे. चणा औषधालाही नाही!"

गुर्जियाने घाईघाईने एक फोडून पाहिला, वास घेतला, आणि मटकन खाली बसली. घरी फ्रीझरमध्ये दोन सारखेच डबे होते. एक सहलीसाठी चण्याचा, एक नातवाच्या वाढदिवसासाठी खिम्याचा. सकाळी घाईत तिने नातवाचा उचलला होता.

मग बसमध्ये जो गलका झाला तो विचारू नका. ज्यू रीतीप्रमाणे मांस खाल्ल्यावर दुधाचं काही तोंडात घालायचं तर मध्ये वेळ जाऊ द्यावा लागतो, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. किती वेळ, यावर मात्र प्रत्येकाच्या आजोबाचं म्हणणं वेगळं.

"सहा तास!" येमेनी झखार्या गरजला. "सहा म्हणजे सहा. चीज आता पुढच्या वर्षी!"

"आमचेही सहाच," मोरोक्कोवाल्यांनी कपाळाला हात लावला.

"आमच्याकडे तीन," एल्हानान हळूच म्हणाला. जर्मन घरांतल्या आणखी चौघांनी माना डोलावल्या.

"तीन! नियमसुद्धा आगगाडीचं वेळापत्रक बघून ठरवलाय यांनी," झखार्या म्हणाला.

"माझा एक," फ्रेहाने शांतपणे सांगितलं.

सगळी बस तिच्याकडे वळली.

"तू तर मोरोक्कोची, मेकनेसची," झखार्या म्हणाला. "तुझा एक कुठून आला?"

"जन्माने सहाचीच. पण नवरा मिळाला ॲमस्टरडॅमचा. त्यांच्याकडे एकच तास. आणि बाईने लग्नानंतर नवऱ्याच्या घरची रीत धरायची, ही तर तुमच्याच रब्बींची शिकवण. मंडपात उभी राहिले तेव्हा सहा तासांची होते, बाहेर पडले ती एका तासाची. त्या माणसाने मला दुसरं काही दिलं नाही, पण पाच तास दिले हो!"

हशा पिकला. मागच्या बाकावरच्या तिघांनी, आपण असलं काहीच पाळत नाही असं जाहीर करून उरलेले सांबुसाक मागवून घेतले. पिन्हासने फोन लावून चीजवाल्याच्या हातापाया पडून भेट दुपारवर ढकलली. तोवर निदान तीनवाल्यांचं तरी भागेल. सहावाल्यांनी नुसता वास घ्यावा. लोक रागावले होते, पण सहलीला निघालेल्या माणसांचा राग तो, डोंगर चढेपर्यंत अर्धा उतरलाही.

गुर्जिया मात्र खिडकीकडे तोंड करून बसली होती. एरवी कोणी एक बोललं तर दोन सुनावणारी बाई, आज झखार्याचा टोमणाही निमूट ऐकून घेतला तिने. एल्हानानला वाटलं, झालं आता. अशा मनःस्थितीत कोणती बाई हो म्हणेल?

त्स्फातला चांगलाच गारवा होता. निळ्या दारांच्या बोळातून मंडळी पुढे सरकली. पायऱ्या चढा, पायऱ्या उतरा, मग पुन्हा चढा. या गावाला सपाट जागेचं वावडं आहे. पिन्हास एका जुन्या प्रार्थनागृहाची गोष्ट रंगवून सांगत होता. गुर्जिया मागे रेंगाळली आणि बाहेरच्या अंगणात बाकावर टेकली. एल्हानानही मागे राहिला. बसावं की न बसावं, या विचारात थोडा वेळ उभाच राहिला.

"बस रे. पहारेकऱ्यासारखा उभा काय राहतोस," ती म्हणाली.

तो बसला. मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. तो तिला तुम्ही म्हणायचा. ती मात्र रब्बींपासून नाक्यावरच्या पोलिसापर्यंत सगळ्यांना अरेतुरे करायची. "सांबुसाक फार छान झाले होते."

"तेच तर! वाईट झाले असते तर कोणी दुसरा तरी खाल्ला नसता." तिने स्कार्फच्या टोकाने डोळे पुसले. "चाळीस माणसांचा दिवस नासवला मी. एवढी वर्षं स्वयंपाकघर सांभाळतेय. दुधाची भांडी वेगळी, मांसाची वेगळी, एकदाही चूक नाही. पोरांची लग्नं झाली, सासोन गेला, तेव्हासुद्धा नाही. आणि आज काय, तर डबाच चुकला!"

"होतं असं कधीकधी."

"होत नाही असं! माझ्याकडून होत नाही." ती एकदम त्याच्याकडे वळली. "तुझ्यामुळे झालं हे."

"माझ्यामुळे?"

"नाहीतर कोणामुळे? दोन आठवडे झोप नाही मला. भात करायला घेते आणि तुझं बोलणं आठवत बसते. आज सकाळी फ्रीझर उघडून उभी होते, हात डब्यावर आणि डोकं भलतीकडेच. चांगली सुखाने राहत होते मी. याला लग्न सुचलं!"

एल्हानानने चेहरा गंभीर ठेवायचा आटोकाट प्रयत्न केला. आपल्यामुळे एका बाईचं स्वयंपाकघर कोलमडलं, चाळीस माणसं चीजला मुकली, याचं त्याला वाईट वाटायला हवं होतं. पण त्याला इतका आनंद झाला होता, की तो लपवायला त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. म्हणजे झोप न लागणारा तो एकटाच नव्हता तर.

"हसतोयस?" तिने विचारलं.

"नाही, नाही."

"हसतोयस." पण तिचा आवाजही थोडा निवळला होता. "चल. नाहीतर फ्रेहा शोधायला येईल आणि सगळ्या गावाला सांगेल."

दुपारी सगळे चीजच्या दुकानात शिरले. चीजवाला बाहीवर मीठ लागलेला, घामाघूम. "काय माणसं आणलीस रे पिन्हास," तो म्हणाला. "सकाळपासून कापून ठेवलंय. मेंढ्यांना काय तोंड दाखवू मी?" त्याने ताटं पुढे केली. तीनवाल्यांनी घड्याळं पाहिली आणि हात घातला. फ्रेहाने तर केव्हाच सुरुवात केली होती, आणि प्रत्येक घासाला सहावाल्यांकडे पाहून "अरेरे" म्हणत होती. झखार्या चीजकडे पाठ करून मेरोनच्या डोंगराकडे बघत उभा राहिला.

गुर्जिया मागच्या गच्चीवर एकटी बसली होती. खाली दरी, पलीकडे जैतुनाची झाडं. एल्हानानने एका ताटलीत चार तुकडे घेतले आणि तिच्याजवळ जाऊन बसला. या वेळी मध्ये जागा न सोडता. ताटली मांडीवर तशीच राहिली.

"खा की," ती म्हणाली. "तुझे तीन तास होऊन गेले."

"नको."

"का? पोट बिघडलंय?"

"नाही. मी सहा तास थांबतो."

"तू? तुझ्या घरात कधी कोणी सहा तास थांबलं होतं?"

"कोणीच नाही," तो म्हणाला. ही वाक्यं त्याने सकाळी ठरवून ठेवली नव्हती. ती त्या बाकावरून इथे येईपर्यंत त्याच्या मनात जमली होती. "तुम्ही म्हणाला होतात, मी जर्मन होणार नाही. होऊ नका. मीच बगदादचा होतो. तुम्ही सहा थांबता, मीही सहा थांबेन. माझं काही बिघडत नाही. एकटं बसून तीन तासांनी चीज खाण्यापेक्षा कोणाबरोबर तरी सहा तास थांबलेलं बरं."

गुर्जियाने ताटलीकडे पाहिलं. खालच्या बोळात कोणीतरी खिडकी उघडली, रेडिओवरचं गाणं थोडं वर आलं आणि खिडकी मिटली.

"पुन्हा विचारायचं नाही असं ठरलं होतं," शेवटी ती म्हणाली.

"विचारलं नाही. सांगितलं."

"चलाख आहेस." ती दरीकडे बघत राहिली. मग तिच्या खांद्यांना हलका झटका बसला. एल्हानानला वाटलं रडते आहे, पण ती हसत होती. "अरे वेड्या, तू बगदादचा होणार? तुला साधा चणा आणि खिमा वेगळा ओळखता येत नाही! दोन खाल्लेस आणि तोंडातून शब्द नाही."

"मला वाटलं, चणा असाच लागतो तुमच्याकडे."

ती आणखी हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग स्कार्फ सारखा केला.

"आणि ते तसं नसतंच मुळी. उलटं असतं. तू माझ्या तासांवर येत नाहीस," ती म्हणाली. "तुमचे तीनच ना? नक्की?"

"तीन. आजोबांपासून तीन."

तिने ताटलीतला एक तुकडा उचलला. ओठांतल्या ओठांत खाण्याआधीचं आशीर्वचन म्हटलं.

"अहो, गुर्जिया!" तो घाबरून म्हणाला. "तुम्ही मांस खाल्लंय! तुमचे सहा तास कुठे झालेत अजून!"

तिने तुकडा तोंडात घातला आणि सावकाश चावू लागली. त्याच्याकडे बघत. बराच वेळ एल्हानान तसाच हात पुढे करून बसला होता, तिला अडवायला निघालेला. आणि मग एकदम त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि तो हात त्याने खाली आणला तो तिच्या हातावर. जन्मभर न रडलेल्या माणसाच्या चष्म्यावर धुकं जमलं.

"खारट आहे," ती म्हणाली. "पण चांगलं आहे."

"गुर्जियाने चीज खाल्लं!" दारातून फ्रेहाची किंकाळी आली. "धावा! गुर्जियाने चीज खाल्लं! जर्मनाबरोबर बसून!"

सगळी सहल गच्चीवर लोटली. सहावाले, तीनवाले, मागच्या बाकावरचे, बाहीला मीठ लागलेला चीजवाला. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. बायका गुर्जियाच्या गळ्यात पडू लागल्या, पिन्हासने एल्हानानची पाठ इतकी थोपटली की चष्मा खाली आला. एकटा झखार्या गर्दी बाजूला सारत पुढे आला आणि त्याने बोट उंचावलं.

"थांबा, थांबा! हे चालत नाही. रीत लग्नानंतर बदलते. लग्न अजून झालेलं नाही. आज तिचे सहाच!"

"मग लवकर लावा आमचं लग्न," गुर्जिया म्हणाली, आणि तिने दुसरा तुकडा उचलला.