मग तुमी इथं काय करता?

डॉ. राजेश्वरनी ताडकळसचा दवाखाना बंद केला तेव्हा त्यांचा कुणावर राग नव्हता. ते नुसते थकले होते. बाजाराच्या दिवशी घास तोंडात घालावा तर ओसरीत माणसं दाटलेली. आंघोळीला गेलं तरी दारावर थाप. सासऱ्यांच्या मातीला गेले असताना तिथून उठून ते एकदा कुणाला तरी सलाईन लावायला गेले होते. तेव्हापासून त्यांच्या बायकोनं, शिवरंजनीनं, जेवायला त्यांची वाट बघणं सोडलं.

मग परभणीत एका कंपनीचं नवं हॉस्पिटल निघालं आणि त्यांना प्रमुख म्हणून बोलावणं आलं. "पेशंट तपासायचे नाहीत, हॉस्पिटल चालवायचं," असं मुलाखतीत सांगितलं गेलं, तेव्हा त्यांना तिथंच खुर्चीत डोळे मिटावेसे वाटले.

त्याला आता वर्ष होत आलं होतं. शिवरंजनीबरोबर दोन्ही वेळचं जेवण व्हायचं, पण थकवा काही गेला नाही. पूर्वी पाय दुखायचे, आता डोकं जड असायचं. खाटा किती भरल्या, विम्याचे पैसे का अडले, एसी कधी दुरुस्त होणार, हेच दिवसभर.

त्या दिवशी ते बैठक संपवून बाहेर आले, तर केबिनसमोरच्या बाकावर धुरपताबाई बसलेली. ताडकळसची, त्यांची जुनी पेशंट. तिचं हृदय कमजोर होतं आणि इतकी वर्षं त्यांनीच ते सांभाळलं होतं. सोबत तिचा मुलगा गोपाळ.

"डॉक्टरसाब, लय दम लागायलाय," तिनं हात पुढं केला. "बघा की जरा."

तिच्या पायांवरची सूज त्यांना लांबूनच दिसली. हात आपोआप नाडीकडं गेला आणि अर्ध्यातच थांबला. प्रशासनातल्या माणसानं पेशंट बघायचा नाही, असा कंपनीचा नियम होता. पण खरं कारण ते नव्हतं. आज हिला बघितलं तर उद्या अख्खं ताडकळस या बाकावर येऊन बसेल, याची त्यांना धास्ती वाटली.

"मावशी, मी आता पेशंट तपासत नाही."

"मग तुमी इथं काय करता?"

"दवाखाना चालवतो."

"दवाखाना तर तुमी तिथंबी चालवीत होते की," ती म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं.

त्यांनी तिला डॉ. निकिताकडं पाठवलं. निकिता तरुण होती, हुशार होती. तिनं धुरपताबाईला लगेच दाखल करून घेतलं, औषधं बदलली. त्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

संध्याकाळी घरी निघताना ते वॉर्डात डोकावले. एका टोकाला कुणाची तरी सलाईन संपली होती, दुसऱ्या टोकाला धुरपताबाई पाणी मागत होती आणि मधे संघप्रिया सिस्टर एकटीच धावत होती. तिथं पूर्वी दोन सिस्टर असायच्या. दुसरी कमी करण्याच्या कागदावर राजेश्वरनीच सही केली होती. तेव्हा तो आकड्यांचा एक तक्ता होता. त्यांनी स्वतःच ग्लास भरला, धुरपताबाईला टेकवून बसवलं आणि पाणी पाजलं. संघप्रिया क्षणभर थांबली, "सर, राहू द्या," म्हणाली आणि पुन्हा धावली.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत त्यांनी दुसरी सिस्टर परत मागितली.

"हे तुम्ही डॉक्टर म्हणून बोलताय," पडद्यावरचे कंपनीचे पुण्याचे साहेब हसून म्हणाले. "सवय मोडत नाही ना अजून?"

"प्रमुख म्हणूनच बोलतोय. त्या वॉर्डात काही झालं तर सही माझी आहे."

वाद बराच वेळ चालला. राजेश्वरना आवाज चढवायचाही कंटाळा आला होता, म्हणून ते तेच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत राहिले. शेवटी साहेब कंटाळले. दुसरी सिस्टर मिळाली, पण फक्त रात्रपाळीला, तीही तात्पुरती. दिवसाचं पुढच्या बैठकीत बघू, म्हणाले.

धुरपताबाईची सूज उतरली. घरी जायच्या दिवशी ती पुन्हा केबिनशी आली. या वेळी तिनं हात पुढं केला नाही.

"तुमी आता गावाकडं येणार न्हाई ना?"

वर्षभर गावातलं कुणीही भेटलं की ते म्हणायचे, बघू, येईन कधीतरी. तेच तोंडावर आलं होतं. पण ती दारात उभी राहून उत्तराची वाट बघत होती.

"नाही मावशी. मला आता ते झेपणार नाही."

तिनं मान हलवली. "लय वढाताण झाली तुमची. आमाला दिसत व्हती, पण आमी तरी कुठं जाणार व्हतो?" मग पदर सावरत म्हणाली, "बरं झालं सांगितलं. आता या डॉक्टरीण पोरीलाच दाखवीत जाते. हात चांगलाय तिचा."

गोपाळ तिला धरून जिना उतरवू लागला. राजेश्वर कठड्याशी उभे राहिले. सुटल्यासारखं वाटत होतं, तरी नजर जिन्यावरच होती. खाली बाई प्रत्येक पायरीवर थांबून श्वास घेत होती. ती फाटकापर्यंत पोचेतो ते तिथंच उभे होते. मग आत जाऊन त्यांनी दिवसपाळीच्या सिस्टरसाठी पुण्याला पुन्हा फोन लावला.